तिसरा रोल कुठून उरला?

उरलंसुरलं : वाचकांचे प्रश्न

मागच्या वेळी एका पत्राच्या शेवटी कुणीतरी ओझरतं विचारलं होतं की उरलेल्या वॉलपेपरचं काय करावं. जागा संपली होती म्हणून मी ‘पुढे कधीतरी’ म्हणून वेळ मारून नेली. त्यानंतर आलेली निम्मी पत्रं वॉलपेपरचीच! बहुतेकांच्या माळ्यावर एखादी गुंडाळी पडलेली दिसतेय. तेव्हा यावेळचा सगळा रकाना तिलाच.

नव्या वाचकांसाठी आधीच सांगून ठेवते. नारायण पेठेतल्या बाइंडिंगच्या दुकानात मी सून म्हणून आले आणि तीस वर्षं खळीत हात घातले. पुठ्ठ्याला, वहीला, पेटीला कागद कसा लावायचा हे मला कळतं. भिंतीला मात्र मी स्वतः कागद लावलेला नाही. भिंतीबद्दल खाली जे लिहिते आहे ते आमच्याकडे पुठ्ठे न्यायला येणाऱ्या एका कारागिराकडून, चहाच्या कपागणिक शिकलेलं.

हॉलच्या एका भिंतीला वॉलपेपर लावून घेतला. भिंत १२ फूट रुंद, ९ फूट उंच. दार-खिडकी काही नाही. म्हणजे १०८ चौरस फूट. रोलवर ५७ चौरस फूट लिहिलेलं. दोन रोलांत काम व्हायला हवं होतं. तरी दुकानदाराने तीन घ्यायला लावले आणि तिसरा बराचसा तसाच उरला, वर पिशवीभर तुकडे. आम्हाला फसवलं का? आणि आता या कागदाचं काय करू? व्हिडिओत लॅम्पशेड, फुलदाणी, घड्याळ असं बरंच काही दाखवतात. (एक वाचक, डोंबिवली)

नाही हो, फसवलं नाही. उलट दोनच दिले असते तर भिंतीचा शेवटचा पट्टा उघडा राहिला असता आणि तुम्ही मला वेगळंच पत्र लिहिलं असतं.

हिशेब चौरस फुटांत केला की चुकतो. आपल्याकडे मिळणारा नेहमीचा रोल २१ इंच रुंद आणि ३३ फूट लांब असतो. भिंत १२ फूट म्हणजे १४४ इंच. २१ इंची सहा पट्ट्या लावल्या की १२६ इंच भरतात, १८ इंच उरतात. त्यासाठी सातवी पट्टी आलीच. आता उंची बघा. ९ फूट म्हणजे १०८ इंच. तुमच्या कागदावरची वेल दर २१ इंचांनी परत येते असं धरू (पुष्कळ कागदांची तेवढीच किंवा २५ इंचांच्या आसपास असते). पाच वेळा आली की १०५ इंच होतात. तीन इंच कमी पडले! मग शेजारच्या पट्टीशी वेल जुळायची तर सहा वेळांचा, म्हणजे १२६ इंचांचा, साडेदहा फुटांचा तुकडा कापावा लागतो. एका रोलमधून असे तीनच निघतात. दोन रोलांत सहा पट्ट्या झाल्या. सातव्यासाठी तिसरा रोल फोडला आणि त्यातले साडेबावीस फूट तुमच्या घरी राहिले. पिशवीतले तुकडे म्हणजे प्रत्येक पट्टीमागे गेलेले ते जादा १८ इंच. वर-खाली छाटून चौदाएक इंचाचे उरले असतील. मोजून बघा, सात निघतील.

आता काय करायचं. पहिलं काम, साडेदहा फुटांचा एक अख्खा तुकडा कापून वेगळा गुंडाळा. आत रोलवरची चिठ्ठी घाला आणि माळ्यावर आडवा ठेवून द्या. हे भिंतीचं ठिगळ. नातवाच्या सायकलचं हँडल, सोफ्याची पाठ, कुठूनतरी सुटलेली एसीची गळती यांपैकी काहीतरी एक दिवस त्या भिंतीला भेटणारच. त्या दिवशी दुकानात गेलात तर तोच नंबर मिळाला तरी लॉट वेगळा असतो आणि रंग अर्ध्या सावलीने हटतो. लॅम्पशेड करून टाकलेला कागद परत भिंतीवर येत नाही. आमच्या कारागिराचं म्हणणं असं की लोक आधी हौस करतात आणि मग त्याला फोन करतात.

ठिगळ कसं लावायचं तेही लिहून टाकते, कारण ते हौसेच्या कामातही उपयोगी पडतं. फाटलेल्या जागेवर नव्या कागदाचा थोडा मोठा तुकडा वेल जुळवून चिकटपट्टीने तात्पुरता लावायचा. मग स्टीलची पट्टी धरून, कटरला नवं पातं घालून, दोन्ही थर एकदम कापायचे. चौकोन वेलीच्या कडेकडेने गेला तर उत्तम. वरचा तुकडा काढा, खालचा फाटका चौकोन पाण्याने भिजवून सोलून घ्या आणि त्या खळग्यात वरचा बसवा. दोन्ही एकाच पात्याने कापलेले असल्यामुळे केसभरही फट राहत नाही.

ठिगळ बाजूला काढल्यावर तुमच्याकडे १२ फूट उरतील. माझं ऐकाल तर फुलदाणीच्या नादाला लागू नका. गोल वस्तूला जाड कागद लावायचा म्हणजे चुण्या आल्याच. त्यापेक्षा हॉलमध्ये पुस्तकांचं किंवा काचेचं कपाट असेल तर त्याची पाठ करा. कपाटाच्या आतल्या मापाचा पुठ्ठा चारी बाजूंनी दोरीभर, म्हणजे अगदी किंचित, कमी कापायचा, त्याला कागद लावायचा आणि तो नुसता आत उभा सरकवायचा. खिळा नको, गोंद नको. समोरच्या भिंतीवरची वेल कपाटात दिसली की खोली एकदम जमून येते. कंटाळा आला की पुठ्ठा उलटा करून ठेवता येतो. ते सात तुकडे फायलींना लावा. २१ बाय १४ इंचात ए-फोर मापाच्या फाइलचे दोन्ही पुठ्ठे आणि पाठ बसते, वर आत दुमडायला इंचभर राहतो. सोसायटीच्या पावत्या, दवाखान्याचे कागद, गॅसची बिलं, प्रत्येकाची एक.

मी चार पेट्या वॉलपेपरने मढवल्या. दुसऱ्या दिवशी झाकणं वाटीसारखी वर आली आणि आठवड्याने कोपरे सुटले. फेव्हिकॉल भरपूर लावलं होतं. काय चुकलं? (एक वाचक, सातारा)

ताई, ‘भरपूर’ हेच पहिलं चुकलं. पण दोन वेगळ्या चुका आहेत, त्या एकत्र करू नका.

आधी कोपऱ्यांचं सांगते, कारण त्यात माझीही फजिती झालेली आहे. भाचीच्या रुखवतात ठेवायला मी नऊ पेट्या केल्या होत्या. लाडू, चिरोटे, अनारसे यांच्यासाठी. कागद सोनेरी बुट्ट्यांचा, एका नातेवाइकांच्या बेडरूममधून उरलेला. मे महिना, कार्यालयात पंखेसुद्धा गरम हवा फेकत होते. सकाळी मांडल्या तेव्हा दृष्ट लागावी अशा दिसत होत्या. सीमांतपूजन होईपर्यंत एकेक कोपरा कानासारखा उभा राहू लागला. नवरदेवाकडची एक लहान मुलगी येऊन ते कान एकेक करून दाबून बघत होती, आणि तिने बोट काढलं की ते परत उभे. मी तिच्याकडे न बघता पानसुपारीचं तबक उगाच सारखं करत बसले.

घरी आल्यावर मामंजींनी पेटी हातात घेतली, नखाने कोपरा सोलला आणि म्हणाले, “कागद कुठंय यात? हे प्लास्टिक आहे.” तेव्हा कळलं. हल्लीचा पुष्कळसा वॉलपेपर म्हणजे कागदाच्या पाठीवर व्हिनाइलचा पातळ थर. पाठ कागदाची असते, त्यामुळे फेव्हिकॉल पुठ्ठ्याला घट्ट धरतं. पण कोपऱ्यात कागदावर कागद चढतो, तिथे खालचा थर वरून प्लास्टिकचा. पांढरं फेव्हिकॉल जिरायला काहीच नसतं. ते नुसतं वाळून पापुद्रा होतं आणि ऊन लागलं की सुटतं.

उपाय सोपा आहे. कोपरे चढवूच नका. कागद आत वळवायच्या आधी कोपरा तिरका कापून टाकायचा, मात्र पुठ्ठ्याच्या अगदी टोकाला लागून नाही. पुठ्ठ्याच्या जाडीच्या दीडपट अंतर सोडायचं. कमी सोडलं तर टोकाला पुठ्ठा उघडा दिसतो, जास्त सोडलं तर गाठ येते. सोडलेला तो चिमूटभर कागद नखाने आत दाबून मग दुसरी बाजू वळवायची. जिथे कागदावर कागद येणं टळतच नाही, तिथे खालच्या थराचं व्हिनाइल कोपऱ्यातून नखाने सोलून काढा (बहुधा निघतं) किंवा चपलांच्या दुकानात असतं तसलं पिवळं रबरी सोल्यूशन तेवढ्यापुरतं वापरा. खिडकी उघडी ठेवून.

आता झाकणांची वाटी. कागद ओला झाला की फुगतो, पण सगळीकडून सारखा फुगत नाही. त्याचे तंतू ज्या दिशेने धावतात तिला आमच्याकडे ग्रेन म्हणतात. त्या दिशेने तो फारसा वाढत नाही, आडवा वाढतो. रोलमध्ये तंतू लांबीच्या दिशेने असतात, म्हणून साधा वॉलपेपर भिजला की रुंदीत वाढतो. २१ इंचांत चांगला पाव इंच वाढलेला मी मोजला आहे. तुम्ही काय केलंत, तर गोंद लावल्या लावल्या कोरडा कागद पुठ्ठ्यावर ठेवलात. तो पुठ्ठ्यावर बसल्यानंतर फुगला, म्हणून आधी फोड आले असतील. मग वाळताना आक्रसला आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढून घेतलं.

म्हणून कागदाला गोंद लावून तो लगेच चिकटवायचा नाही. गोंदाची बाजू आत ठेवून, घडी न मोडता, सैल दुमडून पाच मिनिटं बाजूला ठेवायचा. काय फुगायचं ते तिथेच फुगू दे. मग पुठ्ठ्यावर मधोमध ठेवून मधून कडेकडे हात फिरवायचा, वर रद्दी कागद धरून. आणि हे विसरू नका : पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूलाही कागद लावायचा, जवळपास तेवढ्याच वजनाचा आणि तंतूंची दिशा तीच ठेवून. दोन्ही बाजूंनी सारखी ओढ बसली की पुठ्ठा सरळ राहतो. सतरंजी दोघांनी दोन टोकांना धरल्यासारखं. नंतर रद्दीच्या थरात घालून रात्रभर वजनाखाली. आमच्याकडे शिकंजा (बाइंडरचं दाबायचं यंत्र) होता. तुमच्याकडे गव्हाचा डबा असेलच. सकाळी रद्दी बदला, पावसाळ्यात दोनदा बदला.

फेव्हिकॉल तीन भाग, पाणी एक भाग. ब्रश सपाट. कागदाची पाठ ओली चकचकीत दिसली की पुरे, पांढरी दिसली की जास्त झालं.

फेव्हिकॉलऐवजी घरची खळ चालेल का? आई करायची ती आठवते, पण प्रमाण आठवत नाही. (एक वाचक, बार्शी)

साध्या कागदी वॉलपेपरला खळच उत्तम. एक वाटी मैदा, सहा वाट्या पाणी. मैदा आधी थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, उरलेलं पाणी उकळत आलं की त्यात ओतायचा आणि मंद आचेवर हलवत राहायचं. पांढऱ्याची काचेसारखी झाली आणि उलथन्यावरून जाड धारेने पडायला लागली की उतरवा. गार झाल्यावर फडक्यातून गाळा. दोन दिवसांत संपवा.

आमच्या दुकानात तिच्यात चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) असायचं, कसर लागू नये म्हणून. निळसर खळ बघितली की बाइंडरचं दुकान ओळखावं. पण मोरचूद विषारी आहे. भांडं वेगळं ठेवायचं, तेही ॲल्युमिनियमचं नको, कारण मोरचूद ॲल्युमिनियम खातं. लहान मुलं असतील तर घालूच नका. पेटीत खाण्याचं काही ठेवायचं असेल तरी नको.

आपल्याकडचा कागद व्हिनाइलचा की साधा, हे ओळखायचं कसं? रोलची चिठ्ठी हरवली. (एक वाचक, अकोला)

एका टोकाला पाण्याचा थेंब टाका. जिरून डाग गडद झाला तर साधा कागद. मोत्यासारखा वर बसून राहिला तर व्हिनाइल. मग टोक फाडा. साधा कागद सहज फाटतो. व्हिनाइलची वरची कातडी ताणते आणि मागचा कागद तिच्यापासून सुटतो. तिसरा एक प्रकार असतो, नॉन-वोव्हन. तो हाताने धड फाटतच नाही आणि फाटला तर कडेला कापसासारखे तंतू दिसतात. तो भिजून वाढत नाही, म्हणून नवशिक्यांनी पेट्या-पुठ्ठ्यांसाठी तोच घ्यावा. वर सातारच्या ताईंना सांगितलेलं पाच मिनिटं थांबण्याचं प्रकरण त्याला लागू नाही; गोंद पुठ्ठ्याला लावायचा आणि कागद कोरडाच ठेवायचा.

स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर, डब्यांखाली अंथरला तर? (एक वाचक, नाशिक)

डब्यांखाली अंथरा. व्हिनाइलचा असेल तर तेलाचे गोल ओल्या फडक्याने निघतात, वर्तमानपत्रापेक्षा बरंच बरं. चिकटवू मात्र नका, नुसता कापून घाला, म्हणजे झुरळं झाली की उचलून झटकता येतो. पोळ्यांच्या डब्यात, भाकरीच्या टोपलीत किंवा ताटाखाली नको. तो खाण्याच्या पदार्थांसाठी केलेलाच नाही. आणि शेगडीच्या आसपासच्या भिंतीला तर मुळीच नको.

आमचे सासरे वॉलपेपरचे तुकडे आंघोळीच्या बंबात घालतात. पटकन पेटतात म्हणे. (एक वाचक, रत्नागिरी)

त्यांना माझा नमस्कार सांगा आणि थांबवा. व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी. ते जाळलं की हायड्रोजन क्लोराइडचा वायू निघतो, डोळे आणि छाती दोन्ही जळतात. पाणी तापवायला करवंट्या आहेत की कोकणात!

रद्दीवालाही व्हिनाइलचा कागद घेत नाही, ते त्याचं बरोबर आहे. तेव्हा अगदी बोटभर चिंध्या उरल्या तर सुक्या कचऱ्यात टाका, मनाला लावून घेऊ नका. या रकान्याचं नाव ‘उरलंसुरलं’ असलं तरी सगळंच टिकवलं पाहिजे असा माझा आग्रह नाही.

काकू, मी सातवीत आहे. इतिहासाच्या सरांनी १६३० ते १८१८ अशी कालरेषा करायला सांगितली आहे. कार्डशीट जोडून जोडून वाकडी होते. आमच्याकडे वॉलपेपर आहे, त्याची मागची बाजू पांढरी आहे. त्यावर केली तर सर रागावतील का? (एक विद्यार्थी, लातूर)

का रागावतील? सरळ एकसंध कागद मिळतोय! १८८ वर्षं आहेत. दोन वर्षांना एक इंच धरलास तर ९४ इंच, म्हणजे आठ फुटांना दोन इंच कमी. रोलमधून सलग आठ फूट काप आणि दोन्ही टोकांना इंचभर मोकळं सोड. आधी उलट्या बाजूने गुंडाळून रात्रभर ठेव, म्हणजे सपाट होईल. स्केच पेन आधी कोपऱ्यात लावून बघ, फुटतं का. फुटत असेल तर पेन्सिल आणि बॉलपेन वापर. फुलाफुलांची बाजू मागे राहील आणि भिंतीला लागेल, कुणाला दिसणार नाही.

सरांनी काही म्हटलंच तर त्यांना व्हिक्सबर्गची गोष्ट सांग. ती मला आमच्या शेजारच्या छापखान्यातल्या जुन्या कंपॉझिटरांनी (खिळे, म्हणजे छपाईची अक्षरं, जुळवणाऱ्यांनी) सांगितली होती. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं. मिसिसिपी नदीकाठच्या व्हिक्सबर्ग शहराला १८६३ मध्ये जनरल ग्रँटच्या फौजेने वेढा घातला. शहरात बाहेरून काही येईना. तिथे ‘डेली सिटिझन’ नावाचं वर्तमानपत्र निघायचं. छपाईचा कागद संपला, तर संपादकाने वॉलपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर अंक छापला! एका बाजूला वेलबुट्टी, दुसऱ्या बाजूला युद्धाच्या बातम्या. २ जुलैच्या अंकाचे खिळे जुळवून ठेवलेले होते आणि ४ जुलैला शहर पडलं. ग्रँटचे सैनिक छापखान्यात शिरले, त्यांना ते खिळे तसेच मिळाले. त्यांनी खाली स्वतःची छोटी टीप जुळवली आणि तोच अंक वॉलपेपरवर छापून टाकला. आमचे कंपॉझिटर हे सांगून झालं की नेहमी म्हणायचे, खिळे मोडून टाकायला हवे होते त्या संपादकाने.

कालरेषा झाली की फोटो पाठव. आणि १८१८ च्या पुढे थोडी जागा ठेव, सर हमखास काहीतरी वाढवायला सांगतात.

चवथीला गणपतीच्या मागे दरवर्षी साडी लावतो. यंदा घरात उरलेला वॉलपेपर लावायचा विचार आहे. भिंत चिऱ्यांची, जुनी, पावसात ओल धरते. वर माटोळी (फळं-पानं टांगायची चौकट) असते. (एक वाचक, फोंडा, गोवा)

भिंतीला चिकटवू नका, एवढं आधी. ओल्या भिंतीला व्हिनाइल लावलं की आतलं पाणी बाहेर यायला वाट राहत नाही. कागदामागे काळी बुरशी धरते आणि गणपती गेल्यावर कागद ओढाल तर चुना घेऊन येईल.

लोंबता पडदा करा, शाळेतल्या नकाशासारखा. वेल जुळवून तीन पट्ट्या शेजारी शेजारी, पालथ्या, जमिनीवर मांडा. २१ तिंया ६३, म्हणजे सव्वापाच फूट रुंदी मिळेल, चौरंगामागे भरपूर. सांधे मागच्या बाजूने दोन-दोन इंची सुती कापडाच्या पट्टीने जोडा, खळ किंवा फेव्हिकॉल लावून. वरच्या आणि खालच्या कडेला सुताराकडची पातळ लाकडी पट्टी. कागद तिच्यावर एक वेढा घेऊन मग चिकटवा, म्हणजे वजनाने फाटणार नाही. वरच्या पट्टीला दोन जागी सुतळी बांधा. माटोळीच्या चौकटीला मात्र ती बांधू नका. तिथे आधीच नारळ, सुपारीचे घोस, तोरिंगणं, काय काय लटकलेलं असतं, त्यात आणखी भार कशाला! भिंतीत वेगळे दोन खिळे मारा. पडदा भिंतीपासून चार बोटं पुढे राहू द्या, मागून हवा खेळली पाहिजे.

समई पडद्यापासून हातभर पुढे ठेवा. आरतीच्या वेळी ताम्हन फिरवणाऱ्याचा हात कुठवर जातो तेही एकदा बघून घ्या. आमच्याकडे एक मामा आरती अशी ओवाळतात की आम्ही साडीसुद्धा मागे सरकवून लावतो.

विसर्जनानंतर पडदा कोरड्या फडक्याने पुसून खालच्या पट्टीभोवती गुंडाळून ठेवा, घडी घालू नका. महाराष्ट्रातल्या वाचकांनीही हे करून बघायला हरकत नाही; २०१८ पासून आपल्याकडे थर्माकोलच्या मखरांना बंदी आहे. फक्त व्हिनाइलचा कागद लावून ‘पर्यावरणपूरक सजावट’ अशी पाटी लावू नका म्हणजे झालं. तोही प्लास्टिकच. त्यातल्या त्यात बरं इतकंच की आणलेलाच आहे आणि पाच-सात वर्षं चालेल.

आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. घर व्हिक्टोरियन काळातलं. एका खोलीचा वॉलपेपर काढताना खाली एकावर एक चार थर निघाले. सगळ्यात खालचा गर्द हिरवा, फार देखणा. त्याचे तुकडे कापून ग्रीटिंग कार्डं करावीत असं मनात आहे. (एक वाचक)

करू नका. हा एकच प्रश्न असा आहे की ज्याला मी ‘जपून करा’ असंही म्हणणार नाही.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये वॉलपेपरचे पुष्कळसे हिरवे रंग आर्सेनिकचे असायचे. आर्सेनिक म्हणजे सोमल. शेले नावाच्या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १७७५ मध्ये तो पहिला हिरवा काढला. पुढे त्याहून झळझळीत दुसरा आला, त्यातही सोमल होताच. विल्यम मॉरिससारख्या नामांकित माणसाच्या कागदांतही तो सापडलेला आहे. लोक आजारी पडतात असा बोभाटा झाल्यावर कारखानदार हळूहळू ‘सोमलविरहित’ कागद काढू लागले.

तुमचा हिरवा तसलाच असेल असं नाही. पण नुसतं बघून सांगता येत नाही आणि कार्डं करताना कापणं, घासणं, बोटाला थुंकी लावणं हे सगळं होतं. सोलायचं काम थांबवा, खोलीत मुलांना जाऊ देऊ नका, पडलेले तुकडे हातमोजे घालून बंद पिशवीत ठेवा आणि प्रयोगशाळेतून तपासून घ्या. निर्धोक निघाला तर एक चांगला तुकडा काचेमागे फ्रेम करा. घराचा इतिहास आहे तो, कार्डावर चिकटवून कुणाकुणाला वाटून कशाला टाकायचा?

नातीसाठी भातुकलीचं घर केलंय, खोक्याचं, तीन खोल्यांचं. भिंतींना आमच्याकडचा उरलेला कागद लावला, पण एकेक फूल बाहुलीएवढं दिसतंय! (एक आजी, कोल्हापूर)

आजी, पत्र वाचून मी एकटीच हसत बसले. बाहुलीला रात्री झोप लागायची नाही तुमच्या त्या घरात.

खऱ्या भिंतीसाठी काढलेली फुलं वीतभर असतात, ती भातुकलीत बसायची नाहीत. मोठ्या फुलांच्या कागदात बारकी नक्षी कुठे आहे ते शोधा. फुलाच्या पोटातले ठिपके, पानांच्या शिरा, दोन वेलींमधली बारीक रेघारेघांची जमीन. खिडकीसारखा चौकोन कापलेला एक जुना पोस्टकार्डाचा तुकडा कागदावर फिरवत राहा. चौकोनात जे दिसेल ते तुमच्या खोलीची भिंत. फुलाचा एखादा तुकडा छान आला तर तो हॉलमध्ये ‘चित्र’ म्हणून टांगा. आमच्या घरी असंच एक गुलाबाचं अर्धं पान बाहुलीच्या पलंगावर चादर म्हणून वर्षभर नांदलं.

दुसरा मार्ग, आणि हा सगळ्याच वाचकांनी ऐकून ठेवावा. वॉलपेपरच्या दुकानात नमुन्यांचे मोठमोठे कॅटलॉग असतात. एखादी मालिका बंद झाली की तो कॅटलॉग दुकानदाराच्या काही कामाचा राहत नाही आणि जागा मात्र अडवतो. गोड बोलून मागितलात तर बरेचसे दुकानदार फुकट देतात. एकेका कॅटलॉगात पन्नास-साठ नमुने, वेगवेगळे, खऱ्या कागदाचे. त्यांत बारीक रेघा, ठिपके, साधे कापडासारखे पोत भरपूर मिळतात, आणि भातुकलीच्या तीन खोल्यांना तीन पानं पुरतात. दिवाळीच्या आधी जाऊ नका, तेव्हा त्यांना बोलायला वेळ नसतो. दुपारी दोन ते चारमध्ये जा. नातीला बरोबर न्या, तिने मागितलं तर नाही म्हणणार नाहीत. आणि रिक्षानेच या आजी, तो कॅटलॉग पाट्याएवढा जड असतो.